साल्मोनेला पेशीत शिरते, ते मोजताना

खानापूरला मराठी शाळेत शिकले, पुढे एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला बेळगावात. प्रोजेक्ट मिळाला साल्मोनेलाचा: हा जंतू पेशीत किती शिरतो ते मोजायचं.

निम्मा वेळ जंतूंवर नाही, पेशींवर जातो. आम्ही वापरतो त्या हेला पेशी म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या, अजूनही वाढणाऱ्या. त्यांना ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वेळेवर ताजं मिडियम, म्हणजे पोषक द्राव, लागतं. त्यांना ना रविवार, ना गणपती. आई म्हणायची, "घरच्या म्हशीला पाणी दाखवाय जमत नाही, आणि तिथं सुट्टीदिवशीबी खायला घालायला जातीस व्हय!" त्यात आपल्याकडचा पाऊस. एका फ्लास्कात बुरशी दिसली की शेजारच्यांवरही संशय.

प्रयोग मात्र फार हुशारीचा आहे. पेशींवर जंतू सोडायचे, थोडा वेळ थांबायचं, धुवायचं आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालायचं. हे औषध पेशीच्या पडद्यातून सहज आत जात नाही. त्यामुळे बाहेरचे जंतू मरतात, आतले वाचतात. तासाभरानं ट्रायटन या साबणासारख्या रसायनानं पेशी फोडून द्राव पातळ करायचा आणि आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, पसरायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर उगवलेल्या जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, मोजायच्या.

मला खरं पटलं ते कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, प्लेटवर. त्यातल्या जंतूंत इन्व्ह-ए हे जनुक निकामी केलेलं. पेशीत शिरायला लागणारी जी जनुकं गालान आणि कर्टिस या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडली, त्यांपैकी हे एक. प्लेट जवळजवळ कोरी! तोवर मी समजत होते, जंतू भोक पाडून घुसतो. पण साल्मोनेला सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिनं पेशीत सोडते. पेशीला आकार देणारं ॲक्टिन हे प्रथिन हलतं, पडदा झालरीसारखा उचलला जातो आणि पेशीच तिला गिळते. ते जनुक गेलं की ती यंत्रणाच बसत नाही. मग जंतू पेशीला चिकटून राहिला तरी फारसा आत जात नाही.

तोंडी परीक्षेत विचारलं, बाहेरचे सगळे मेले कशावरून? पेशी फोडण्याआधी वरचं मिडियमही आगरवर लावलं होतं, ती प्लेट दाखवली. जंतू आत पोचल्यावर वाढतात का, हे बघायला जेंटामायसिन कमी करून पेशी आणखी काही तास ठेवाव्या लागतात. सध्या तेच चालू आहे, त्यामुळे खानापूरची शेवटची बस बऱ्याचदा चुकते.