कार्डाला सांगितलेला आकार आणि त्याला दिलेली जागा

नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये बफरचा, म्हणजे आलेली फ्रेम (तारेवरून येणारा डेटाचा एक तुकडा) ठेवायच्या जागेचा, आकार निदान तीन ठिकाणी येतो: मेमरी मागताना, डिस्क्रिप्टर (बफर कुठे आहे आणि केवढा, हे कार्डाला कळवणारी नोंद) भरताना, आणि जास्तीत जास्त केवढी फ्रेम स्वीकारायची हे कार्डाच्या रजिस्टरमध्ये नोंदवताना. हे तीन आकडे तीन जणांनी आपापल्या सोयीने लिहिले असतील, तर आज ना उद्या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी खराब होणारच. यावर बहुतेक जण सुचवतात तो उपाय म्हणजे आलेल्या फ्रेमची लांबी तपासून ती बफरपेक्षा मोठी असल्यास टाकून देणे. ही तपासणी असावीच, कारण कार्डाने कळवलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवू नये. पण संरक्षण म्हणून ती वरातीमागून घोडे आहे. कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहिते, प्रोसेसरला त्याचा पत्ताही नसतो, आणि आपला कोड लांबी वाचेपर्यंत शेजारच्या जागेवर जे लिहिले जायचे ते लिहून झालेले असते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २००९ मधले आहे. लिनक्सचा रियलटेक आरटीएल८१६९ या चिपचा ड्रायव्हर कार्डाला १६३८३ बाइटपर्यंतची फ्रेम चालेल असे सांगत होता, आणि नेहमीच्या १५०० एमटीयूला (फ्रेममधल्या मजकुराची कमाल लांबी) रिंगमध्ये, म्हणजे आळीपाळीने वापरल्या जाणाऱ्या बफरांच्या रांगेत, मात्र १५३६ बाइटांचे बफर ठेवत होता. त्यामुळे बाहेरच्या कोणीही एक लांब फ्रेम पाठवली की कर्नलची मेमरी बिघडून यंत्र बंद पडू शकत होते. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००९-१३८९ या क्रमांकाने ती त्रुटी नोंदवली गेली आणि २.६.३० या आवृत्तीत दुरुस्त झाली. दुरुस्ती एवढीच होती की बफरचा जो आकार आहे तोच कार्डाला सांगायचा.

आमच्या घाटंजी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये याच जातीचा, पण फार लहान फरकाचा दोष मला जवळून पाहायला मिळाला, आणि माझ्या मते असे लहान फरकच जास्त छळतात. तिथे वजनकाट्याशेजारी एआरएम प्रोसेसरचा एक छोटा संगणक-बोर्ड बसवलेला आहे. काट्यावरच्या नोंदी तो पुढे पाठवतो आणि आवारातल्या कॅमेऱ्यांचे चित्रणही साठवतो. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) असल्याने त्यांच्या फ्रेम त्या नेटवर्कची ओळख सांगणाऱ्या टॅगसह येतात. कापसाच्या हंगामात दुपारी ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग लागली की मुनीमजींचा फोन ठरलेला: “भाऊ, वजन तं बरोबर येते, पण कॅमेरे अटकून राह्यले, अन् नोंदी बी उशिरा जाते.” सकाळी आवार रिकामे असताना सगळे सुरळीत चालायचे. त्यामुळे उन्हाने बोर्ड तापत असावा, असे तिथे सर्वांनी गृहीत धरले होते.

बोर्डासोबत आलेला ड्रायव्हर उघडल्यावर कारण दिसले. साध्या इथरनेट फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइट: १४ चे हेडर, १५०० चा मजकूर आणि शेवटी ४ बाइटांचा एफसीएस, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का हे ताडण्याचा आकडा. ड्रायव्हरने हा आकडा चारच्या पटीत वर नेऊन प्रत्येक खणाला, म्हणजे रिंगमधल्या एकेका बफरला, १५२० बाइट दिले होते आणि असे ६४ खण एकाच सलग वाटपात ओळीने मांडले होते. कार्डाला मात्र १५३६ ची मर्यादा सांगितलेली होती. व्हीलॅन टॅगचे ४ बाइट धरले की पूर्ण भरलेली फ्रेम १५२२ ची होते, म्हणजे प्रत्येक मोठ्या फ्रेमचे शेवटचे दोन बाइट पुढच्या खणात सांडत होते.

पुढचा खण रिकामा असेल तर त्याने काहीच बिघडत नाही, कारण नंतर येणारी फ्रेम ते दोन बाइट पुसून टाकते. पण प्रोसेसर मागे पडला असेल, तर पुढच्या खणात आधीच्या फेरीतली, अजून न वाचलेली फ्रेम पडलेली असते. मग तिच्या पत्त्याचे, म्हणजे गंतव्य मॅक ॲड्रेसचे, पहिले दोन बाइट जाऊन तिथे शेजारच्या फ्रेमच्या एफसीएसचा उरलेला अर्धा भाग येतो. कर्नल तो पत्ता पाहतो, ही फ्रेम आपली नाही असे समजतो आणि निमूटपणे टाकून देतो. एफसीएस कार्डाने आधीच तपासलेला असतो आणि आयपीच्या चेकसममध्ये (त्या थराच्या पडताळणीच्या बेरजेत) मॅक ॲड्रेस येत नाही, तेव्हा कुठेही चूक म्हणून नोंद होत नाही. दुपारचा संबंध उन्हाशी नव्हताच. आवारात हालचाल वाढली की कॉम्प्रेस केलेले चित्रण जड होते, पूर्ण भरलेल्या फ्रेम वाढतात आणि प्रोसेसर मागे पडतो.

चौसष्टाव्या खणाची गोष्ट आणखी वाईट होती. त्याच्या लगेच पुढे पाठवणीच्या डिस्क्रिप्टरांची रिंग होती, आणि पहिल्या डिस्क्रिप्टरच्या सुरुवातीला बफरचा पत्ता होता. तो बिघडला की कार्ड भलत्याच जागेवरचे बाइट उचलून तारेवर सोडायचे. वजनाची नोंद हरवायची आणि टीसीपीने, म्हणजे पोच न मिळालेला डेटा पुन्हा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलने, ती पुन्हा पाठवेपर्यंत उशीर व्हायचा.

अशा वेळी नेहमीची साधने फारशी उपयोगी पडत नाहीत. केएसॅन हे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारे साधन कंपायलरने कोडमध्ये घातलेल्या तपासण्यांवर चालते, आणि कार्डाचे लिखाण कोणत्याही कोडमधून होत नाही. कार्डाला मेमरीत कुठे लिहिता येईल यावर पहारा ठेवणारा आयओएमयू असला तरी त्याची नजर पानाएवढी, म्हणजे सहसा ४०९६ बाइटांची. एकाच वाटपाच्या आत काय सांडले ते त्याला दिसत नाही. डीएमए एपीआय डीबग हा पर्याय चालू ठेवावा, कारण मॅप करताना एक आणि सोडताना दुसरा आकार दिला तर तो तक्रार करतो. पण सर्वांत कामाची युक्ती जुनीच आहे: चाचणीच्या बिल्डमध्ये प्रत्येक बफरच्या शेपटाला ठरावीक नमुन्याचे काही बाइट ठेवायचे आणि खण पुन्हा कार्डाकडे देण्यापूर्वी ते जागेवर आहेत का ते पाहायचे. मग व्हीलॅन इंटरफेसवर दुसऱ्या यंत्राकडून १४७२ बाइटांच्या मजकुराचा पिंग (आयसीएमपी प्रोटोकॉलचा चाचणी-संदेश) पाठवायचा. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० भरतात, आणि तारेवर १५२२ ची फ्रेम जाते. इथे पहिल्याच पिंगला नमुना मोडलेला दिसला.

दुरुस्ती करताना मी आकडा नुसता वाढवला नाही. एमटीयू, हेडर, टॅग आणि एफसीएस यांच्या बेरजेतून एकच मूल्य काढले. खणाचा आकार, डिस्क्रिप्टरमधली लांबी आणि रजिस्टरमधली मर्यादा ही तिन्ही त्यावरूनच ठरतात, आणि मर्यादा खणापेक्षा मोठी झाली तर कंपाइलच होऊ नये अशी अट घातली. आयपी हेडर सोयीच्या पत्त्यावर यावे म्हणून फ्रेम दोन बाइट पुढे सरकवणारे ड्रायव्हर ते दोन बाइट हिशेबात धरायला हमखास विसरतात, म्हणून तेही त्याच बेरजेत हवेत. डिस्क्रिप्टरमधला लांबीचा रकाना किती बिटांचा आहे हेही डेटाशीटमध्ये पाहावे. तो ११ बिटांचा असेल तर त्यात २०४७ पर्यंतच मावते आणि २०४८ लिहिले की शून्य उरते.

एमटीयू चालू इंटरफेसवर बदलू देणारा कोड मला अजूनही धास्तीचा वाटतो. मर्यादा आधी वाढवून बफर मागाहून बदलले, तर मधल्या क्षणात आलेली मोठी फ्रेम जुन्या, लहान जागेत उतरते. म्हणून घेणे थांबवायचे, कार्ड खरोखर थांबल्याचे स्टेटस रजिस्टरमधून पाहायचे, सगळे खण नव्या आकाराने भरायचे आणि मगच नवी मर्यादा लिहून पुन्हा सुरू करायचे. त्यात काही फ्रेम गळतील, पण त्यांतला टीसीपीचा डेटा पुन्हा पाठवला जातो.