हप्त्यांच्या वसुलीची सेवासंस्था बदलताना: माझा अनुभव

मी एका विमा कंपनीच्या लेखा विभागात हप्तावसुलीचे काम पाहते. देयके पाठवणे, बँक खात्यातून आणि कार्डावरून हप्ते वसूल करणे, परताव्याच्या व दाव्यांच्या रकमा अदा करणे ही कामे आमच्यासाठी एक बाहेरची सेवासंस्था करत असे. करार संपत आला तेव्हा व्यवस्थापनाने ती बदलायचे ठरवले आणि आमच्या बाजूची जबाबदारी माझ्याकडे आली.

सगळ्यांचे लक्ष नव्या प्रणालीकडे होते, पण माझी धास्ती वेगळी होती. इतर व्यवसायांत देयक चुकले तर ग्राहक तक्रार करतो आणि ते दुरुस्त होते. विम्यात मात्र हप्ता जमा झाला नाही आणि सवलतीची मुदतही उलटली, तर संरक्षणच संपते, आणि ते संपल्याचे कित्येकदा दावा करतानाच त्या माणसाला कळते. म्हणून पहिल्याच बैठकीत मी एक अट लेखी मंजूर करून घेतली: बदलाच्या काळात आणि त्यानंतर दोन महिने, हप्ता मिळाला नाही या कारणावरून एकही पॉलिसी आपोआप बंद होणार नाही, अशा प्रत्येक पॉलिसीची यादी निघेल आणि आमच्यापैकी कोणीतरी ती तपासल्याशिवाय पुढची कारवाई होणार नाही.

सर्वांत जास्त वेळ कार्डांच्या माहितीने खाल्ला. ग्राहकांचे कार्ड क्रमांक आमच्याकडे नव्हतेच. ते जुन्या संस्थेकडे होते आणि आमच्या नोंदींत त्यांच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचे सांकेतिक क्रमांक, होती. ही टोकन त्या संस्थेच्या प्रणालीबाहेर चालत नाहीत, त्यामुळे त्यांची यादी नव्या संस्थेच्या हाती देऊन काही साधत नाही. मूळ क्रमांक जुन्या संस्थेने कूटबद्ध करून थेट नव्या संस्थेकडे सोपवावे लागतात, आणि घेणारी संस्था पीसीआय डीएसएस हे कार्डसुरक्षेचे मानक पाळणारी आहे याची खात्री आधी पटवावी लागते. आमच्या जुन्या करारात याविषयी एक ओळही नव्हती आणि पाच आठवडे निव्वळ पत्रव्यवहारात गेले. नव्या करारात मी हे कलम मुदतीसह घालून घेतले. ज्यांचा करार अजून व्हायचा आहे त्यांनी सही करण्यापूर्वीच ते मागावे, कारण निघताना मागायला गेल्यास हातात काहीच उरलेले नसते.

त्यानंतर दोन्ही प्रणाली एक महिना समांतर चालवल्या: वसुली जुनीच करत होती, नवी फक्त आकडे काढत होती. पहिल्याच तुलनेत हजारो देयके जुळेनात. वार्षिक हप्ता १००० असेल आणि त्याचे १२ भाग केले, तर प्रत्येक भाग ८३.३३ येतो आणि बेरीज ९९९.९६ होते. उरलेले ०.०४ जुनी प्रणाली पहिल्या हप्त्यात घालत असे, नवी शेवटच्या हप्त्यात. फरक क्षुल्लक असला तरी वर्षाच्या मध्यावर प्रणाली बदलली की काही ग्राहकांकडून तो दोनदा वसूल झाला असता. दुसरी चूक अधिक गंभीर होती. दर महिन्याच्या ३१ तारखेचा हप्ता फेब्रुवारीत २८ ला येतो हे ठीक, पण नवी प्रणाली पुढच्या महिन्यांतही २८ लाच अडकून राहत होती. पगार महिनाअखेरीस होणाऱ्यांच्या खात्यातून तीन दिवस आधी रक्कम मागितली गेली असती आणि ती परत फिरली असती. तारखा पुढे ढकलून चाचणी घेतली म्हणूनच हे सापडले.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस शांत गेला. देय तारखेनुसार सीमा आखल्यामुळे एकाच हप्त्याची मागणी दोन्हीकडून गेली नाही. जुन्या संस्थेकडचे खाते मात्र लगेच बंद करता आले नाही, कारण आधी कार्डावरून घेतलेल्या रकमेचा परतावा मूळ व्यवहारावरूनच द्यावा लागतो आणि ग्राहकाने बँकेकडे नोंदवलेल्या हरकती काही महिन्यांनंतरही येत राहतात.

खरे काम यानंतर सुरू झाले. स्वतः बँकेतून रक्कम पाठवणाऱ्या अनेकांनी नव्या खात्याचे पत्र वाचलेच नव्हते, आणि त्यांचे पैसे जुन्याच खात्यात येऊन तिथून उचंत खात्यात, म्हणजे कोणाची हे न कळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यात, पडत होते. मी रोज सकाळी ती यादी काढून एकेक रक्कम लावत असे. एका नोंदीत पॉलिसी क्रमांक नव्हता, पाठवणाऱ्या स्त्रीचे नाव आमच्या ग्राहकांत नव्हते, शेऱ्यात फक्त ‘आईचा हप्ता’ एवढेच लिहिले होते. शेवटी मी न भरलेल्या हप्त्यांच्या यादीत तेवढीच रक्कम शोधली. तीन पॉलिसी निघाल्या, त्यांतल्या एकीवर वारस म्हणून त्याच स्त्रीचे नाव होते. त्या पॉलिसीची सवलतीची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली होती आणि केवळ आमच्या त्या अटीमुळे ती तपासणीच्या यादीत थांबून राहिली होती. रक्कम आल्याच्या तारखेने हप्ता जमा करून घेतला, पावती पाठवली आणि मुलीला फोन करून नवा खाते क्रमांक सावकाश दोनदा सांगितला.