मानोस कात्राकिस आणि सही न केलेला कागद

काल रात्री 'अँटिगनी' बघितला, सोफोक्लीसच्या जुन्या ग्रीक नाटकावरचा सिनेमा, १९६१ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि तेव्हापासून मानोस कात्राकिस या ग्रीक नटाचा आवाज डोक्यातून जातच नाहीये. ग्रीक भाषेचा मला गंध नाही, सगळं सबटायटल्सवर, पण या माणसाचा आवाज अर्थ कळायच्या आधीच पोचतो. समोर अँटिगनी म्हणून इरीन पापास आहे, जिच्यावरून नजर हटत नाही, तरी मी पूर्णवेळ क्रेऑनकडेच, म्हणजे राजा झालेल्या कात्राकिसकडेच, बघत होते.

आज दिवसभर त्याच्याबद्दल वाचत बसले. जन्म १९०८, क्रीट बेटावरचं किसामोस, मग घरच्यांबरोबर अथेन्स. विशीच्या आतबाहेर नाटकात आला, १९२९ मध्ये पहिला सिनेमा, तोही मूकपट, आणि पुढे नॅशनल थिएटर. म्हणजे करिअर एकदम सरळ चाललं होतं. मग महायुद्ध, जर्मनांचा ताबा, त्या काळात तो डाव्यांच्या प्रतिकार चळवळीत होता आणि युद्ध संपल्यावर यादवी सुरू झाली तेव्हा नेमका हाच गुन्हा ठरला. त्याला हद्दपार केलं, इकारिया, मग माक्रोनिसोस, मग आय स्त्रातिस, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर.

माक्रोनिसोसबद्दल वाचताना मला मध्येच थांबावं लागलं. अथेन्सजवळच, लाव्रिओच्या समोर एक उजाड बेट आहे, तिथे कैद्यांना तंबूत ठेवायचे, मारहाण करायचे, आणि मागणी एकच, एका कागदावर सही कर की मी माझे विचार सोडले, मला पश्चात्ताप झालाय. सही केली की सुटका, पण तो कागद पेपरात छापायचे, गावच्या चर्चमध्ये वाचून दाखवायचे, म्हणजे माणूस घरी जाणार तो मान खाली घालूनच. ज्यांनी सही केली त्यांना मी नावं ठेवणार नाही, तो मार मी खाल्लेला नाही. पण कात्राकिसने सही केली नाही. चाळिशीतली ऐन उमेदीची वर्षं, जेव्हा नटाला मोठमोठ्या भूमिका मिळतात, ती त्याची बेटांवर गेली. कवी यानिस रित्सोसही तिथेच कैदेत होता, आणि आय स्त्रातिसवर तर कैद्यांनी नाटकंसुद्धा बसवली!

सुटून आल्यावर १९५५ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, ग्रीक लोकनाट्यगृह असं काहीसं नाव, अथेन्समधल्या पेदिओन तू आरेओस या बागेत प्रयोग व्हायचे. १९६४ मध्ये कवी एलितिसच्या 'आक्सिओन एस्ती' या दीर्घकाव्याला संगीतकार थिओडोराकिसने संगीत दिलं त्यातलं गद्य वाचन याचंच. थिओडोराकिससुद्धा माक्रोनिसोसला मार खाऊन आलेला. हे कळल्यावर ते रेकॉर्डिंग परत लावलं, आणि आता ते साधं वाचन वाटतच नाही. पुढे १९६७ ला लष्कराने सत्ता घेतली, परत वाईट दिवस.

आणि मग शेवटचा सिनेमा, दिग्दर्शक अँगेलोपुलोसचा 'व्हॉयेज टू सिथेरा', १९८४. यात कात्राकिस म्हणजे बत्तीस वर्षं सोव्हिएत युनियनमध्ये काढून परत आलेला म्हातारा स्पिरोस. गावाने सगळी जमीन कंपनीला विकायचं ठरवलंय, हिवाळी रिसॉर्ट होणार, सगळ्यांच्या सह्या तयार आणि हा एकटा नाही म्हणतो. परत एक कागद! सगळं गाव उलटतं, नागरिकत्व नाही म्हणून सरकार त्याला समुद्रात एका तराफ्यावर नेऊन सोडतं आणि बायको आपणहून त्याच्याजवळ जाऊन उभी राहते. मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं आणि सप्टेंबरमध्ये कात्राकिस गेला, फुप्फुसाचा कॅन्सर.

बहुतेक लोक त्याची सगळ्यात मोठी भूमिका म्हणून स्पिरोसच सांगतील आणि ते बरोबरही असेल. मला मात्र क्रेऑन जास्त मोठा वाटतो. स्पिरोस त्याच्या स्वतःच्या आयुष्याला लागून होता. क्रेऑन म्हणजे हुकूम सोडणारा, वाक नाहीतर मर म्हणणारा, म्हणजे बेटावर जे लोक याच्यासमोर तो कागद धरून उभे होते त्यांच्यातलाच एक. त्याला राक्षस करून टाकणं किती सोपं होतं, कोणी काही म्हणालंही नसतं. कात्राकिस ते करत नाही. नुकतंच युद्ध संपलंय, अँटिगनीचे दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून पडलेत, शहर सावरायचंय, आणि या माणसाला खरंच वाटतंय की कायदा ढिला सोडला तर सगळं बुडेल. त्याचं चुकतंय हे आपल्याला दिसत असतं तरी मुलगा जातो, बायको जाते तेव्हा त्याच्यासाठी पोटात तुटतं. ज्यांनी आपली वर्षं खाल्ली त्यांच्या जागी उभं राहून, त्यांना इतकं आतून समजून घेऊन कसं केलं असेल त्याने हे?

उद्या परत बघणार आहे, या वेळी सबटायटल्स बंद करून.