लोअर आर्म बदलला, आता अलाइनमेंट: जुन्या ऑल्टोसाठी आणि ८०० साठी

मारुती ८०० आणि २००० साली आलेली पहिली ऑल्टो, या दोन्ही गाड्यांत अलाइनमेंटवाल्याच्या हातात एकच गोष्ट असते: पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला किती आत किंवा बाहेर झुकलंय) आणि कास्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती बाजूने पाहिलं तर किती मागे झुकलीय) कमीजास्त करायची सोय कंपनीने ठेवलेलीच नाही. लोअर आर्म (चाक खालून बॉडीला जोडणारा दांडा), शॉकअप, स्टॅबिलायझरचे बुश बदलताना जे जसं बसलं, त्यावरच हे दोन कोन ठरतात. मशीन ते स्क्रीनवर लाल रंगात दाखवेल, बस्स. त्यामुळे या गाडीचं अर्धं अलाइनमेंट पान्यानेच होतं.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक बुशची. लोअर आर्मच्या आतल्या टोकाचा बुश रबराचा असतो आणि रबर मधल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळतं. आता गाडी जॅकवर आहे, चाक लोंबकळतंय, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. नाक किंचित उंच राहतं, खड्ड्यात गाडी कडक लागते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. अशा गाडीचं अलाइनमेंट केलं, तर ते चुकीच्या उंचीवर केलेलं असतं. म्हणून जॅकवर असताना बोल्ट फक्त टेकवून ठेवायचा. गाडी चाकांवर उतरवायची, बॉनेटवर चार-पाच वेळा दाब देऊन गाडी झुलवायची आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. त्यासाठी पिट हवा, नाहीतर चारही चाकांखाली जाड फळ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका.

दुसरी जागा स्टॅबिलायझरची. या गाड्यांत आर्मला पुढे-मागे धरून ठेवणारा वेगळा रॉड नाही, ते काम स्टॅबिलायझर बारच करतो. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं आणि दोन्ही बाजूंना बुश-वॉशर असतात. हे बुश चेपले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, म्हणजे कास्टर कमी होतो, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येईनासं होतं. एकाच बाजूचे बुश बदलले, तर दोन बाजूंचा कास्टर वेगळा होतो आणि कास्टर कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते. हे बुश स्वस्त आहेत. दोन्हीकडचे एकदमच बदला आणि वॉशरची वाटी कोणत्या दिशेला होती ते खोलायच्या आधी मोबाइलवर टिपून ठेवा.

शॉकअप खालच्या बाजूने नकलला, म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाला, दोन बोल्टांनी बसतो. भोकात किंचित ढील असते, तेवढ्यानेही कॅम्बर हलतो. खोलण्यापूर्वी शॉकअप आणि नकल या दोन्हींवरून एक रेघ मारा. पण शॉकअपच नवा असेल, तर जुन्या रेघेचा उपयोग नाही. तेव्हा बोल्ट आवळताना दोन्ही बाजूंना चाकाचा वरचा भाग एकाच दिशेला, म्हणजे दोन्हीकडे आत किंवा दोन्हीकडे बाहेर, सारख्याच जोराने दाबून धरायचा, म्हणजे निदान दोन्हीकडचा कॅम्बर सारखा येतो.

टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक, बदलताना आटे मोजतात. मोजावेतच, पण तेवढ्यावर विसंबू नये. समजा आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी आहे आणि स्टेअरिंग आर्मची लांबी ११० मिमी. एक पूर्ण फेरा चुकला की ते चाक सुमारे ०.६५ अंश फिरतं, म्हणजे १४५/८० आर १२ टायरच्या ५३७ मिमी व्यासावर जवळपास ६ मिमी. नव्या एंडची लांबीही जुन्याइतकीच असेल असं नाही. कॅसल नटची (वर खाचा असलेल्या नटची) खाच भोकाशी जुळली नाही, तर नट आणखी थोडा आवळून स्प्लिट पिन घालायची, सैल करून कधीच नाही.

भाग बदलल्यावर दुकानापर्यंत नीट जाता यावं म्हणून टो घरी मोजता येतो. सपाट फरशी, स्टेअरिंग सरळ. गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला, म्हणजे जॅकवरून उतरल्यावर फाकलेली चाकं बसतात. पुढच्या दोन्ही टायरच्या मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर बारीक खूण करा. खुणेवरून ओळंबा सोडून जमिनीवर ठिपका द्या. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकला. त्याच खुणा पुढच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर आल्या की पुन्हा ओळंबा, पुन्हा ठिपके. गाडी बाजूला घेऊन दोन्ही अंतरं मोजा. मागचं वजा पुढचं म्हणजे टो-इन. गाडी जास्त पुढे गेली तर मागे ओढू नका, सगळ्या जॉइंटमधली ढील उलटी होते. पुन्हा पहिल्यापासून करा. यात ५ मिमी चूक निघाली, तर भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक चाक दर किलोमीटरला साडेचार मीटरहून जास्त आडवं ओढलं जातंय. टायर का खलास होतात, ते यावरून कळेल.

दुकानात आधी हवा स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे भरून घ्या. टाय रॉड फिरवताना रॅकच्या (स्टेअरिंगने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या) बूटची, म्हणजे रबरी आवरणाची, क्लिप सैल करायला सांगा, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि पहिल्याच पावसात चिखल रॅकमध्ये जातो. दुरुस्ती दोन्ही टाय रॉडवर सारखी विभागलेली हवी. स्टेअरिंग वाकडं आलं म्हणून स्टेअरिंग काढून सरळ बसवणारे भेटतात. तसं केल्यास रॅक मध्यावर राहत नाही आणि गाडी एका बाजूला कमी वळते. टो बरोबर असूनही स्टेअरिंग तिरकंच राहत असेल, तर मागे पाहा. ऑल्टोचा मागचा ॲक्सल अखंड आहे, तिथे ॲडजस्टमेंट नाही. ट्रेलिंग रॉडचे किंवा आडव्या रॉडचे बुश गेले की अख्खा ॲक्सल तिरका किंवा एका बाजूला बसतो.

कॅम्बर लाल दिसला की काही ठिकाणी साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअप किंवा नकल वाकवून 'कॅम्बर काढून देतो' म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: नको. नवा शॉकअप वाकवला की त्याचा रॉड आणि सील दोन्ही बिघडतात. त्याऐवजी प्रिंटवर एसएआय (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती समोरून पाहिलं तर किती आत झुकलीय) हा आकडा बघा. एसएआय बरोबर आणि कॅम्बर चुकीचा असेल, तर शॉकअप किंवा नकल वाकलेला आहे. दोन्ही चुकले, पण त्यांची बेरीज दुसऱ्या बाजूइतकीच येत असेल, तर लोअर आर्म वाकलाय किंवा बॉडीतली वरची जागा सरकलीय. वाकलेला भाग बदलायचा, चांगला भाग वाकवायचा नाही.

एवढं करूनही गाडी ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपसात बदला, अर्थात त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो, तेव्हा हात सोडल्यावर डावीकडे अगदी किंचित झुकणं चालतं. हजारेक किमीनंतर टायरवर तळहात फिरवून बघा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर करवतीसारखं लागलं तर टो-इन जास्त आहे, उलट लागलं तर टो-आउट.