रिव्हल्शन, शिसारी आणि मायनं धरायला दिलेला कंदील

इथं इंग्लंडमध्ये मी म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते, तर मागच्या आठवड्यात एका आजोबांच्या पायाची जखम धुताना सोबतच्या नव्या पोरीचा हात झटकन मागं गेला, तोंड फिरवलं तिनं, आणि नंतर स्टाफरूममध्ये किती वेळ रडत बसली. सीनियर बाई तिला म्हणाल्या, रिव्हल्शन वाटतं गं, सगळ्यांनाच वाटतं.

रिव्हल्शन (revulsion) हाही किळसेचाच इंग्रजी शब्द, पण दारव्ह्याकडच्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही किळस म्हणजे डिसगस्ट एवढंच पाठ केलेलं. डिसगस्ट या शब्दात मुळात चव आहे, लॅटिनमध्ये गुस्तुस म्हणजे चव, म्हणून नासलेल्या दुधालाही चालतो आणि लाचखाऊ माणसालाही. इंग्रजीतला लोध (loathe) वेगळा, तो आपला तिटकारा, वर्षानुवर्षं मनात धरलेला. रिव्हल्शन मात्र झटक्याचा शब्द. लॅटिन रेवेल्लेरे म्हणजे मागं ओढणं, उपटणं. जुन्या वैद्यकात तर रोग शरीरातल्या एका जागेवरून दुसरीकडे ओढून नेण्याला रिव्हल्शन म्हणायचे, किळसेचा अर्थ नंतर चिकटला. आता सडलेल्या मांसालाही वापरतात आणि पेपरात कैद्यांच्या छळाची बातमी असली तरी लोकांना रिव्हल्शन वाटलं असं लिहितात. पण कारलं आवडत नाही एवढ्यासाठी नाही वापरायचा, फार जड होतो.

मला विचाराल तर आपली शिसारी याच्या सगळ्यात जवळ. आणि आपण शिसारी "आली" म्हणतो ना, ते मला फार खरं वाटतं, ती येते, आपण आणत नाही.

मी दहाएक वर्षांची असताना ऐन पावसाळ्यात आमच्या बैलाचा खांदा जू घासून सोलला होता आणि त्यात किडे पडले. माय सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस जखमेत पिळायची आणि मी कंदील धरायची. वास आला की मी मागं सरायची, उजेड हलायचा, तिला किडे दिसायचे नाहीत. ओरडली नाही कधी. म्हणायची, "येते वं बाई कियस, मलेबी येते. तू फक्त उजेड नोको हालवू."

दुसऱ्या दिवशी ती पोरगी कामावर आली. ड्रेसिंग मी केलं, तिला म्हटलं तू टॉर्च धर.