मुले नेमकी कुठे हसतात

आज इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात भाचीला घेऊन दोन बालनाट्ये पाहिली. पहिल्यात शाब्दिक कोट्यांची खैरात होती आणि हसत होतो ते आम्ही पालकच. दुसऱ्यात मात्र राजा हरवलेल्या प्रधानाला समोर शोधत होता आणि प्रधान त्याच्या पाठीशी चिकटून चालत होता, तेव्हा निम्मी मुले "मागे, मागे!" आणि निम्मी "पीछे देखो!" असे जीव तोडून ओरडू लागली, भाची तर खुर्चीवरच उभी राहिली. मोठ्या माणसाला न दिसणारे आपल्याला दिसते, यातच मुलांची खरी गंमत असते. त्या नटाने वळण्याची जराही घाई केली नाही, हे कसब मला फार मोलाचे वाटले. रंगकर्मी सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ ही बालनाट्यांची संस्था सुरू केली, तेव्हापासून मराठी बालरंगभूमी हेच प्रेक्षक जपत आली आहे. घरी येईपर्यंत भाची माझ्या मागे लपून चालत होती.