हळू गाणं सोपं वाटतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर हा प्रश्न मला सवाई गंधर्व महोत्सवात चहाच्या रांगेतसुद्धा विचारतात: ऑपेरात माईक नसतो, पुढ्यात ६०-७० वाद्यं वाजतायत, मग हळू गायलेलं शेवटच्या रांगेला ऐकू कसं येतं?

पुणं सायकलींचं होतं तेव्हाचा लक्ष्मी रस्ता आठवा. बसची घरघर, रिक्षांची फटफट, आणि त्यातून सायकलची टीचभर घंटी नेमकी ऐकू यायची. ती मोठी होती म्हणून नव्हे. ती सुराच्या ज्या उंचीवर वाजायची, तिथे बाकी गर्दीच नव्हती. ऑर्केस्ट्राचा बहुतेक जोर सेकंदाला ५०० कंपनं, म्हणजे ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. कसलेल्या गळ्यात ३००० हर्ट्‌झच्या जवळ एक झळाळी असते, आणि आपला कानही तिथेच तिखट. हळू गाताना ही झळाळी मंदावते, पण ती विझू द्यायची नसते. कुजबुजलात की संपलं. नुसती हवा बाहेर पडते, पहिल्या रांगेलाही धड काही पोचत नाही.

एकाच सुरावर आवाज भरत नेऊन परत निमुळता करायच्या रियाजाला इटालियनमध्ये मेस्सा दी वोचे म्हणतात. भरणं त्यातल्या त्यात सोपं. मी मोबाइलवर तानपुरा लावून करायचे, आणि परतताना दर वेळी सूर उतरायचा. कान ठीक होता हो! फुप्फुसातला दाब कमी झाला की सूर आपसूक खाली येतो. तो जागेवर ठेवायला स्वरतंतूंचा ताण त्याच बेताने सांभाळावा लागतो. मग माझ्या गाण्याच्या बाईंनी मला माझाच हात खालच्या बरगड्यांवर ठेवायला लावला. आवाज बारीक होताना बरगड्या मिटायला लागल्या, की बाई फक्त 'हं' म्हणायच्या. वर्षभर 'हं' ऐकलं.

इटालियन संगीतकार वेर्दीने 'आयदा' या ऑपेरात (१८७१) टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाच्या, पहिल्याच गाण्याचा शेवटचा, चांगला उंच सूर अगदी हळू, विरत जाणारा लिहिलाय. भलेभले तो खणखणीत लावतात आणि टाळ्या घेतात. मला ते पटत नाही, पण दोषही देववत नाही. एवढ्या उंचीवर जोर लावणं हीच पळवाट असते.

माझा हळू सूर सध्या आठ सेकंद टिकतो. नवव्याला बरगड्या मिटतात, आणि बाई खोलीत नसल्या तरी 'हं' ऐकू येतंच.